आईचा गुडघा आणि १७४३ सालचा एक निबंध

आधी नातेवाईक मंडळींसाठी: आई बरी आहे. टाके निघाले, वॉकर सुटला, आता हातात काठी आहे. फोन जरूर करा, पण दुपारी दोन ते चार सोडून. त्या वेळात ती झोपते आणि मग तेच तेच सगळं मला सांगावं लागतं.

आता बाकीच्यांसाठी. मधले काही महिने इथे काही लिहिलं नाही, त्याचं कारण वर आलंच आहे. पण त्या काळात मी अगदी रिकामा बसलो नव्हतो. दवाखान्यांच्या बाहेरच्या बाकड्यांवर बसून गुडघ्यातल्या कूर्चेबद्दल हाती लागेल ते वाचत होतो. मी डॉक्टर नाही, बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस. तेव्हा खाली सल्ला वगैरे काही नाही. एका प्रश्नाचा इतिहास आहे. प्रश्न आईचा होता, आणि तिने तो पहिल्यांदा विचारला तेव्हा मी तिला खोटं उत्तर दिलं होतं.

प्रश्न अगदी साधा. "झिजलेलं परत येतं का रे?"

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईच्या उजव्या गुडघ्याचा एक्सरे काढला होता. एक्सरेत कूर्चा दिसत नाही, हाडं दिसतात आणि त्यांच्या मधली काळी फट दिसते. ती फट आतल्या बाजूला जवळजवळ मिटली होती. डॉक्टर म्हणाले, "ग्रेड थ्री." (हे ग्रेड १९५७ साली मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी ठरवले. शून्य ते चार. चार म्हणजे शेवटची पायरी.) वजन, व्यायाम आणि पुढे कधीतरी ऑपरेशन, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशन हा शब्द ऐकून आम्ही दोघंही गप्प झालो, आणि मग अशा वेळी सगळे करतात तेच मी केलं. दुसरीकडे गेलो. तिथे 'विना ऑपरेशन' अशी पाटी होती आणि भिंतीवर एका गुडघ्याचं 'आधी' आणि 'नंतर' असं चित्र. कूर्चा पुन्हा वाढते असं तिथे सांगण्यात आलं. तीन इंजेक्शनं, सहा महिन्यांची पावडर, रक्कम विचारू नका.

घरी येताना रिक्षात आईने तो प्रश्न विचारला आणि मी म्हणालो, "येतं. औषध निघालंय."

पुढचे सहा महिने मी रोज विचारायचो, कसं वाटतंय? आणि ती रोज म्हणायची, बरं वाटतंय. एक दिवस मी अवेळी घरी आलो, तर आई जिना उतरत होती. उलटी. भिंतीकडे तोंड, दोन्ही हातांनी कठडा धरलेला, एकेक पाय मागे टाकत. मी खालीच थांबलो. ती उतरून आली, मला पाहिलं आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाली, "अरे, आज लवकर?"

वाचायला सुरुवात त्या रात्री केली.

कूर्चा म्हणजे काय हे मांसाहारी वाचकांना सांगायला नको. कोंबडीच्या तंगडीच्या टोकाला जी पांढरी, गुळगुळीत, किंचित निळसर टोपी असते, जी काही जण कुरकुर आवाज करत खातात, तीच. शाकाहारी मंडळींनी नाकाचं टोक चाचपून पाहावं, भाऊबंदच आहे. आपल्या गुडघ्यात हाडाच्या टोकावर हिचा थर साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड, वाटीच्या मागे त्याहून जास्त. एवढ्याशा थरावर आयुष्यभराचं चालणं. बर्फावर बर्फ जितका सहज घसरतो त्याहून सहज ही कूर्चेवर कूर्चा घसरते.

तर १७४३ साल. पुण्यात नानासाहेब पेशवे होऊन तीन वर्षं झाली होती. त्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे विल्यम हंटर नावाच्या एका पंचवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणाचा निबंध वाचला गेला. विषय: सांध्यांमधल्या कूर्चेची रचना आणि तिचे रोग. हा हंटर पुढे राणीचा वैद्य झाला, गर्भाशयावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथामुळे गाजला, आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन तर त्याच्याहूनही प्रसिद्ध झाला. पण १७४३ मध्ये तो नुकताच लंडनला आलेला, शवविच्छेदनात हात बसलेला एक पोरगा होता.

त्याने काय पाहिलं? कूर्चा ही नुसती गुळगुळीत चकती नाही, तिच्यात तंतू आहेत आणि ते हाडावर उभे आहेत, मखमलीच्या कापडावर लव उभी असते तसे. सांध्याच्या कडेने रक्तवाहिन्यांचं कडं आहे, पण घासल्या जाणाऱ्या भागाकडे त्या जात नाहीत. आणि शेवटी त्याने नोंदवलं की कूर्चेचा व्रण ही मोठी त्रासाची गोष्ट, आणि ती एकदा नष्ट झाली की भरून येत नाही.

गंमत अशी की हे त्याने स्वतःचा शोध म्हणून लिहिलं नाही. हिपोक्रेटिसपासून आजवर सगळ्यांनाच हे मान्य आहे, अशा सुरात लिहिलं. म्हणजे आईला रिक्षात दिलेलं माझं उत्तर हंटरच्या काळीही दोन हजार वर्षं जुन्या माहितीच्या विरुद्ध होतं! आणि भिंतीवरचं ते 'आधी-नंतर' सुद्धा.

पण मला त्या निबंधातली दुसरी गोष्ट जास्त आवडली. 'भरून येत नाही' हे सगळ्यांना ठाऊक होतं. हंटर तिथे थांबला नाही. ती बनलेली कशी आहे, हे त्याने उघडून पाहिलं. पुढच्या पावणेतीनशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी या विषयात काही मिळवलं, त्यांनी 'नाही' हे उत्तर आधी मान्य केलं आणि मग 'का नाही?' विचारलं.

का नाही, याचं अर्धं उत्तर रक्तात आहे. लहानपणी आपला गुडघा फुटायचा तेव्हा रक्त यायचं, खपली धरायची, खाली नवी कातडी तयार व्हायची. दुरुस्तीची सगळी माणसं आणि सामान रक्तातून येतं. कूर्चेत रक्तवाहिनीच नाही. मज्जातंतूही नाही, म्हणून ती झिजायला लागते तेव्हा तिचं तिला दुखत नाही. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं अस्तर, म्हणजे बातमी कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय पेशी अगदी थोड्या, आकारमानाने जेमतेम एक-दोन टक्के. शंभर फ्लॅटच्या सोसायटीत एक-दोन बिऱ्हाडं असावीत तशा, प्रत्येक आपापल्या खोलीत बंद. शेजारी पडझड झाली तरी उठून जायची सोय नाही. त्यांचं अन्नपाणी सांध्यातल्या वंगणातून झिरपत येतं आणि ते आत ढकलायला सांधा हलावा लागतो.

उरलेलं अर्धं उत्तर शोधायला विसावं शतक लागलं. १९२५ साली बेनिंगहॉफ या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने दाखवलं की हंटरचे उभे तंतू नुसते उभे नाहीत. हाडातून वर येतात, पृष्ठभागाजवळ वळतात आणि पुन्हा खाली जातात. कमानींची ओळच. हे तंतू कोलॅजनचे.

कमानींच्या मधे काय भरलेलं असतं, हे ज्यांनी उलगडलं त्यांत एक नाव हेलन म्यूर यांचं. जन्म १९२०, आपल्या नैनितालचा. पुढे ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकल्या आणि लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी कूर्चेवर काम केलं. १९७२ साली त्यांनी आणि टिम हार्डिंगहॅम यांनी डुकराच्या घशातल्या कूर्चेवर प्रयोग करून दाखवलं की तिथले प्रोटिओग्लायकॅन नावाचे मोठे रेणू हायलुरॉनिक आम्लाच्या लांबलचक धाग्याला ठरावीक पद्धतीने चिकटतात. त्यामुळे त्यांचे एवढे प्रचंड झुबके तयार होतात की ते कोलॅजनच्या जाळ्यातून बाहेर निसटू शकत नाहीत. या झुबक्यांवर ऋण विद्युतभार असतो आणि ते पाणी ओढून घेतात. कूर्चेचं दोन-तृतीयांशाहून अधिक वजन पाण्याचंच.

आमच्याकडे जुनी माणसं गुडघ्यातल्या कूर्चेला 'गादी' म्हणतात. 'गादी झिजली.' हा शब्द किती चपखल आहे हे मला अॅलिस मारुदास यांच्या १९७६ सालच्या कामाबद्दल वाचताना कळलं. पिंजाऱ्याकडून नवी भरून आणलेली गादी आठवा. कापूस फुगून बाहेर पडू पाहतो आणि खोळ त्याला ताणून धरते. दोघांच्या त्या ओढाताणीमुळे गादी टणक राहते. कूर्चेतही तेच. पाणी ओढून फुगणारे झुबके म्हणजे कापूस, कोलॅजन म्हणजे खोळ. मारुदास यांनी या दोन ताकदींचा हिशेब मांडला. झिजू लागलेल्या कूर्चेत पाणी कमी होत असेल असं आपल्याला वाटतं, पण ते सुरुवातीला वाढतं! कारण खोळ सैल पडलेली असते. कापूस फुगतो, गादी मऊ पडते, आणि मग हळूहळू कापूस निघून जायला लागतो.

आणि त्या एकेकट्या पेशी? त्या सगळं मुकाट्याने बघत बसतात असंच बराच काळ मानलं जाई. अमेरिकेत हेन्री मॅन्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनमध्ये काढून टाकलेली खुब्याची झिजलेली हाडं गोळा केली आणि त्यांच्यावरची कूर्चा तपासली. १९७१च्या सुमारास त्यांनी दाखवलं की झीज सुरू झाली की या पेशी उलट जास्त कामाला लागतात. विभागतात, घोळके करतात, नवे झुबके तयार करतात. झीज वाढेल तसा कामाचा जोरही वाढतो, आणि एका टप्प्यानंतर त्या थकतात आणि सगळं कोसळतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. आईचं ते रोजचं "बरं वाटतंय" आठवलं, दुसरं काही नाही.

आता दुरुस्तीवाल्यांकडे वळू. त्यांची जिद्द बघण्यासारखी आहे.

ब्रिस्टलच्या केनेथ प्रायडी यांनी १९५९ साली सांगितलेला उपाय अगदी सुताराचा होता. कूर्चेत रक्त नाही ना? मग कूर्चा गेलेल्या जागी खालच्या हाडाला भोकं पाडा, मज्जेतलं रक्त वर येईल. आलंही. खपलीसारखं होऊन तिथे काहीतरी उगवलं. पुढे कोलोरॅडोच्या रिचर्ड स्टेडमन यांनी ऐंशीच्या दशकात याच कल्पनेची बारीक, नेटकी आवृत्ती आणली. पण उगवतं ते बहुतेक वणाच्या जातीचं. तंतू दुसऱ्याच प्रकारचे, कमानी नाहीत. काही वर्षं निभावतं, मग विरतं. मखमलीच्या शालूला गोणपाटाचं ठिगळ लावावं तसं.

टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी वेगळाच प्रश्न विचारला. सांधा दुखावला की त्याला सक्तीची विश्रांती द्यायची, हा जुना नियम. सॉल्टर म्हणाले, कूर्चेला अन्नच हालचालीतून मिळतं, तर विश्रांतीने तिची उपासमार होणार. सशांच्या गुडघ्यात बारीक छिद्रं पाडून काहींचे पाय बांधून ठेवले, काहींना पिंजऱ्यात मोकळं सोडलं आणि काहींचे पाय यंत्राने सतत हलते ठेवले. १९८० साली त्यांनी निष्कर्ष छापला: हलत्या पायांतली छिद्रं सगळ्यांत चांगली भरली. पाय हळूहळू वाकवणारं आणि सरळ करणारं ते यंत्र मी आईच्या शेजारच्या खाटेवर पाहिलं. त्या आजी त्याला 'झोपाळा' म्हणायच्या.

आणि मग स्वीडन. गॉथेनबर्गच्या लार्स पीटरसन, मॅट्स ब्रिटबर्ग आणि सहकाऱ्यांनी ठरवलं की पेशी थोड्या आहेत ना, मग त्या बाहेर वाढवू. रुग्णाच्याच गुडघ्याच्या भार न येणाऱ्या कोपऱ्यातून कूर्चेचा छोटा तुकडा घ्यायचा, प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या आणि खड्ड्यात परत सोडून वर हाडाच्या पापुद्र्याचं झाकण शिवायचं. १९९४ साली त्यांनी पहिल्या २३ रुग्णांचा हिशेब छापला. मांडीच्या हाडाच्या टोकावर ज्यांना खड्डा होता अशा १६ पैकी १४ जणांचा गुडघा दोन वर्षांनी चांगला किंवा उत्तम होता. वाटीच्या मागे ज्यांना खड्डा होता अशा ७ पैकी फक्त २ जणांचा. दोन्ही आकडे त्यांनी सारख्याच अक्षरात छापले, याचं मला कौतुक वाटलं. ('विना ऑपरेशन'च्या भिंतीवर ते सात जण दिसले नसते.)

मी हे वाचून जवळजवळ उडालोच. मिळालं उत्तर! मग बारीक वाचलं. रुग्ण चौदा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे. बऱ्याच जणांना दुखापतीने पडलेला एकेक खड्डा, आजूबाजूची कूर्चा धडधाकट. रस्त्यातला खड्डा बुजवणं वेगळं आणि सगळ्या रस्त्याचं डांबर उडालेलं असणं वेगळं. पुढे ही पद्धत सुधारली, पापुद्र्याऐवजी पेशी भरलेला पडदा आला, पण उतारवयातल्या सर्वदूर झिजेचा हा इलाज नाही.

त्या पावडरीचंही सांगून टाकतो. २००६ साली अमेरिकेत १५८३ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निकाल छापले गेले. ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, एक वेदनाशामक आणि एक नुसती खोटी गोळी. एकूण रुग्णांमध्ये ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन खोट्या गोळीपेक्षा वरचढ ठरली नाहीत. पण माझी नजर दुसऱ्या आकड्यावर अडकली. खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या साठ टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्श्याने कमी झालं होतं. त्याआधी २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० जणांवर आणखी धाडसी चाचणी झाली होती. दुर्बिणीने गुडघा 'साफ' करायचं ऑपरेशन काहींवर खरं केलं, काहींवर नुसतं कातडीवर चिरे देऊन खोटं. दोन्ही गट सारखेच निघाले.

हे सगळे लोक खोटं बोलत होते का? मला नाही वाटत. दुखणं कमीजास्त होतच असतं, कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय याने बरं वाटतं, आणि ज्याने खर्च केला त्याच्यासमोर बरं वाटावंच लागतं. हे शेवटचं कारण माझं, चाचणीतलं नाही.

आता मला सगळ्यांत जास्त हलवून गेलेला भाग. २००० साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कूर्चेतल्या कोलॅजनचं अर्धआयुष्य मोजलं. अर्धं कोलॅजन बदलायला लागणारा काळ. त्वचेत पंधरा वर्षं. कूर्चेत एकशे सतरा वर्षं! माणसाच्या आयुष्याहून जास्त.

मग २०१६ साली कोपनहेगनच्या कात्या हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी हे वेगळ्याच घड्याळाने तपासलं. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी उघड्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या आणि वातावरणातला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. १९६३च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. हा कार्बन झाडांनी घेतला, झाडांतून तो अन्नात आला, आणि त्या त्या वर्षी शरीरात जे जे घडलं त्यात तो बसला. म्हणजे शरीराच्या एखाद्या भागातला कार्बन मोजून तो कधी घडला हे सांगता येतं. त्यांनी २३ जणांच्या गुडघ्यातली कूर्चा तपासली, काही निरोगी, काही झिजलेल्या. कोलॅजनमधला कार्बन त्यांच्या बालपणाचा आणि तरुणपणाचा निघाला. झिजलेल्यांतही तसाच. झीज सुरू झाली तरी नवी खोळ विणलीच गेली नव्हती. मॅन्किनच्या पेशी जे बनवत होत्या तो कापूस. खोळ आपल्याला एकदाच मिळते.

माझ्या आईचा जन्म १९४९चा, देवरुखजवळच्या एका वाडीतला. चाचण्या सुरू होत्या तेव्हा ती सहा ते चौदा वर्षांची होती. घराखाली उतारावर विहीर, बावीस पायऱ्या, आणि पाणी आणायचं काम तिच्याकडे. जगाच्या दुसऱ्या टोकाला बॉम्ब फुटत होते आणि त्यांचा कार्बन हवेतून त्यांच्या भातात, फणसात, कुळथाच्या पिठल्यात उतरत होता, आणि तिथून तिच्या गुडघ्यात. १९६९ साली लग्न होऊन ती डोंबिवलीला आली तेव्हा खोळ विणून पूर्ण झाली होती. त्यानंतरचं सगळं, बिनलिफ्टचे चार मजले, स्टेशनचा पूल, आम्हा दोघांना कडेवर घेणं, बाबांच्या आजारपणातली रात्रीची उठबस, हे त्या वाडीतल्या मुलीने विणलेल्या खोळीवर चाललं.

त्या संध्याकाळी आई लसूण सोलत होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "आई, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. झिजलेलं परत येत नाही."

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग बरं वाटतंय का म्हणायचीस?"

"तू एवढे पैसे घातलेस. तुला बरं वाटायला नको?" आणि दोन पाकळ्या सोलून झाल्यावर, "मग आता काय करायचं ते सांग."

तीन वर्षांत हा प्रश्न तिने पहिल्यांदा विचारला. मी 'येतं' म्हणत होतो तोवर तो विचारायला जागाच नव्हती.

मग पहिल्या डॉक्टरांकडे परत गेलो. ते रागावले नाहीत. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचं, रोज. वजन थोडं उतरलं. त्याने खरोखर फरक पडला आणि जवळजवळ दोन वर्षं निघाली. त्यानंतर मात्र रात्रीचं दुखणं सुरू झालं आणि आईच म्हणाली, "ते वाजपेयींनी केलं तसं करून टाकू."

वाजपेयींचा गुडघा ब्रीच कँडीत बदलला ते २०००चं वर्ष. ऑपरेशन करणारे डॉ. चित्तरंजन रानावत मध्य प्रदेशात जन्मलेले आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेले. त्यांनी, जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांनी मिळून बनवलेला 'टोटल कॉन्डिलर' गुडघा १९७४ पासून बसवला जाऊ लागला आणि आजच्या बहुतेक कृत्रिम गुडघ्यांचा तो पूर्वज. धातूचं एक टोक, प्लॅस्टिकचं दुसरं. एका अर्थाने ही हंटरपुढे पत्करलेली शरणागती आहे. भरून येत नाही ना, मग काढून टाका. पण किती उपयोगी शरणागती!

कूर्चा वाढवायचे प्रयत्न थांबलेले नाहीत. २०१९ साली स्प्रिफर्मिन नावाच्या औषधाच्या चाचणीचे निकाल आले. सगळ्यांत जास्त मात्रेची इंजेक्शनं घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांनी खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ०.०५ मिलिमीटरने जाड निघाली. खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांची ०.०२ने कमी झाली. फरक खरा, पण दुखण्यात स्पष्ट फरक दिसला नाही. तेही त्यांनी छापलं. हंटरच्या वाक्याला कुठेतरी चरा पडलाय, एवढं म्हणता येईल. एके दिवशी कोणी ते वाक्य खोडेलही. ते खोडणारा माणूस 'सात पैकी दोन' मोठ्याने सांगणारा असेल अशी माझी खात्री आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आईने डॉक्टरांना विचारलं, "काढलेल्याचं काय करता?"

"काही नाही आजी, नियमाप्रमाणे नष्ट करतो."

"कुणाला अभ्यासाला हवं असेल तर द्या. आमचा हा सांगत होता, तिकडे अभ्यास करतात."

डॉक्टर हसले. इथे तसं कोणी गोळा करत नव्हतं. मीही हसलो, पण मॅन्किनची ती गोळा केलेली हाडं आणि कोपनहेगनचे ते २३ गुडघे माझ्या डोळ्यांसमोरून जाईनात. आपल्याला जे काही ठाऊक आहे ते अशाच काढून टाकलेल्या तुकड्यांनी शिकवलंय.

असो. आई आता जिना सरळ उतरते, भिंतीकडे पाठ करून. मांडी घालून बसणं बंद, पूजा खुर्चीवर. माझाही गुडघा हल्ली उठताना वाजतो, त्यामुळे टॉवेलची गुंडाळी आता आळीपाळीने दोघांकडे असते.

हा लेख टाकण्याआधी तिला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. विहिरीच्या पायऱ्या बावीस नव्हत्या, सव्वीस होत्या.